दर हजारी

महिनाअखेरीला कुस्केच्या वाटेवर वीज जाते.
टॉर्च गाल आणि खांद्याच्या मध्ये धरून
मी नमुना भरायला बसते.

हद्दीतले जन्म, वर्षभरात: अडतीस.
वर्षाचं व्हायच्या आत गेलेलं: एक.
भागिले अडतीस, गुणिले हजार,
सव्वीस पूर्णांक तीन.

काणकोणहून फोन.
सव्वीस? अहो सिस्टर,
राज्याचा आलेख बघा कसा उतरत आलाय,
आणि तुमचं टोक मध्येच सुळक्यासारखं.
मी म्हटलं, साहेब, माझ्याकडे हजार कुठले?
अडतीसच्या हिशोबाने हजार बाळं व्हायला
सव्वीस वर्षं लागतील, वर चार महिने.
तोवर माझी पेन्शनही म्हातारी होईल.

साहेब हसले. वाईट नाहीत ते.
माझ्या मुलाच्या कावीळीत रजा त्यांनीच दिली.
मग आवाज जरा खाली आणून म्हणाले,
किती वेळ होतं ते? चाळीस मिनिटं?
मृतजात टाकलं तर कुणाचं काय जातं?

गेल्या वर्षी मी शून्य पाठवलं होतं.
बैठकीत माझं नाव घेतलं, टाळ्याही पडल्या.
तेव्हा रस्त्याच्या कामावर गदगची यल्लव्वा होती,
तिचं तिसऱ्या महिन्यातलं, तापाचं,
तळपण नदीच्या काठी पुरलेलं.
कायमचा पत्ता: गदग. म्हणजे आपलं नव्हे.
गदगच्या कुठल्या सिस्टरने ते कुठल्या वहीत घेतलं
मला आजवर कळलेलं नाही.

सुकांती वेळीपच्या घरी मी प्रश्नावली घेऊन गेले.
तिने पाट दिला, सोलांचं पाणी दिलं.
सासरा नीरफणसाच्या झाडाखाली उभा,
हातात कोयता, करायला काम नाही.
मी विचारत गेले, छापलंय त्या क्रमाने:
अ‍ॅम्ब्युलन्स किती वाजता आली?
बाळाचा रंग कसा होता?
नाळ कुणी कापली?
मृत्यूचं ठिकाण: घर, दवाखाना, इतर.
घाटीतलं दुसरं वळण, ती म्हणाली.
मी 'इतर'वर खूण केली.
रडलं होतं का?
तेव्हा पहिल्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं.
"रडलें. हांवें आयकलें."
मग पितळेच्या पेल्याच्या कडेवर
नखाने एकदा टकटक केलं.
एवढंच, म्हणाली. एवढ्या आवाजाचं.

नियम मला पाठ आहे, परीक्षेत आला होता:
श्वास, किंवा हृदयाचा ठोका,
किंवा नाळेतली धडधड,
किंवा आपण होऊन हललेला एखादा स्नायू.
यातलं एक पुरे.
मिनिटांची अट नाही.

आणि भागाकाराची एक गोष्ट
प्रशिक्षणात कुणी सांगितली नव्हती.
रेघेच्या वर मेलेल्यांत मोजलं जायला
आधी रेघेच्या खाली
जन्मलेल्यांत मोजलं जावं लागतं.
मृतजात लिहिलं
तर अडतीसचे सदतीस होतात,
सुळका मोडतो, पान सपाट होतं,
आणि घाटीतल्या दुसऱ्या वळणापर्यंत
कुणी आलंच नव्हतं असं ठरतं.

सहावी रात्र आली नाही, सटी पुजली नाही.
त्याच्या कपाळावर कुणी काही लिहिलं असेल
तर फार घाईत लिहिलं असणार.
नावाच्या रकान्यात मी भरते: सुकांतीचं बाळ, मुलगा.
जन्म: पहाटे चार वाजून दहा मिनिटं.
वजन: केलं नाही. काटा उपकेंद्रात होता,
उपकेंद्राची चावी माझ्याकडे,
आणि मी मडगावला, भाचीच्या रोसाला.
हे लिहायला नमुन्यात जागा नाही.
समासात लिहिते.

तीन प्रती लागतात.
पहिली इथे राहते, दुसरी काणकोणला,
तिसरी, सगळ्यांत खालची, पणजीला जाते
आणि नेहमी पुसट उमटते.
कार्बन जुना झालाय. टॉर्च पिवळी पडत चाललीय.
मी 'जिवंत जन्म' वर पेन टेकवते
आणि दाबून लिहिते,
इतकं दाबून, की टेबलावरच्या रेक्झिनला
खालून अक्षरं लागतात बोटाला.